अडीच महिने सारवायचं नाही

सावेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे नाही, भिंतीकडे बघतात. आशागडला ते माझे शेजारी. नोकरी हिवताप विभागात, फवारणी पथकाचे प्रमुख. आम्ही बैठकीच्या खोलीला ऑइल पेंट लावला तेव्हा सगळ्यांनी रंगाचं कौतुक केलं. काकांनी भिंतीवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, इथून डास घसरून पडेल.

डासाबद्दल ते नातलगाबद्दल बोलावं तसं बोलतात. तो जेवला की भिंतीला टेकतो आणि टेकला की भिंतीवर फवारलेलं औषध त्याच्या पायांना लागतं, हे ते पंगतीतही समजावतात. जेवून भिंतीला टेकलेल्या एखाद्या व्याह्याकडे बोट दाखवून. निघताना वाक्य ठरलेलं: "अडीच महिने सारवायचं नाही." फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही हेच सांगतात.

गेल्या मे महिन्यात बातमीसाठी मी त्यांच्या पथकाबरोबर सायवनला गेलो. एका कुडाच्या घरापुढे आजीने दार अडवलं. नातीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. त्याआधी भिंती शेणाने सारवायच्या आणि त्यावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढायचा, त्यात देव बसतो. म्हणजे आज फवारलेलं औषध आठवड्यात शेणाखाली जाणार. आणि न फवारावं, तर हीच नात मागच्या पावसाळ्यात हिवतापाने पंधरा दिवस अंथरुणाला खिळली होती.

काकांनी तोडगा सुचवला. चौकापुरती हातभर जागा सारवा, बाकीची भिंत माझी.

"देव हातभर नसतो, भाऊ," आजी म्हणाली. "लग्नघराला ठिगळ लावू का?"

काकांच्या वहीत आजवर एकाही घरापुढे फवारणी 'बाकी' असा शेरा नव्हता. तालुक्यात हे माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण, कारण काकांनी ते सगळ्यांना सांगितलेलं आहे. त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं: बाकी.

दुसऱ्या दिवशी ते, फवारणी होईपर्यंत नवरीला वापरायला म्हणून, मच्छरदाणी घेऊन पुन्हा सायवनला गेले. खात्याची का, असं मी विचारलं. घरची, म्हणाले. त्यांच्या पलंगावरची होती ती. काकू जाऊन सहा वर्षं झाली, तरी रोज संध्याकाळी ते मच्छरदाणीचे चारही कोपरे ताणून बांधत.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पथक पुन्हा त्या घरी गेलं. आजीने चौकावर लुगडं धरलं आणि बाकीच्या भिंती काकांनी स्वतः फवारल्या. वहीतला शेरा खोडला. मग आजीने जरा अवघडतच सांगितलं, की मच्छरदाणी नात सासरी उधव्याला घेऊन गेली. तिला तो आहेरच वाटला. निरोप धाडून परत मागवते, म्हणाली.

काका अंगणात पंप धूत होते.

"नका मागवू, आजी," ते म्हणाले. "ती दोघांच्याच मापाची आहे."