चार नंबरचे पुढचे दार

आमचे अप्पा स्वतःच्या घराचे दार वाजवल्याशिवाय आत येत नसत. दार सताड उघडे असले तर आधी ते बाहेरून ओढून घेत, मग बोटांच्या सांध्यांनी तीन वेळा टकटक करत आणि टोपी सारखी करून पायरीवर उभे राहत. खिशात किल्ली असे, पण तिला कधी हात लावत नसत.

अप्पा म्हणजे माझे सासरे. सोलापुरातल्या एका गिरणीत उभा जन्म कापड विणायच्या साच्यावर गेला, शेवटी मागखात्यात जॉबर, कामगारांवरचे मुकादम, झाले. गिरणीच्या मागे सात लहान बंगले होते. इंग्रज साहेबांनी आपल्या राहण्यासाठी बांधलेले, उतरत्या कौलांचे, पुढे फाटक आणि मागे नोकरांची वाट. साहेब कधीच निघून गेले, तरी लोक त्या जागेला इंग्रजी वस्तीच म्हणत. गिरणीने ते बंगले विकायला काढले, तेव्हा आम्ही चाळीच्या एका खोलीत पाच माणसे राहत होतो. अप्पांनी निवृत्तीचा सगळा पैसा उचलून चार नंबर घेतला.

गिरणीचा कारकून म्हणाला, "अप्पा, सहा नंबर घ्या की. मोठा हाय, विहीर हाय, पेरूचं झाड हाय."

"चारच पायजे."

"चारात काय ठेवलंय?"

"ते मला ठावं हाय," अप्पा म्हणाले आणि सही केली.

घर घेतल्यावर त्यांचे बोलणेच बदलले. टांगेवाल्याला "घरी चल" असे कधी म्हणाले नाहीत. "बंगल्यावर घे" म्हणायचे. कोणी पाहुणा आला की चहाच्या आधी भिंतीवर बुक्की मारून दाखवत. "ऐकलं का? भरीव. विलायती काम हाय!" पहिल्याच पावसाळ्यात माजघरात पाणी ठिबकू लागले. मी पातेले ठेवायला गेले तर वर बघत म्हणाले, "कौल विलायती हाय. पाणी देशी हाय, त्याला रीत म्हाईत न्हाय."

पुढच्या खोलीत भिंतीतच शेगडी होती. साहेब लोक थंडीत तिथे लाकडे जाळत. सोलापुरात, जिथे पौष महिन्यातही दुपारी पंख्याची आठवण येते! अप्पांनी ती घासूनपुसून चुना लावला आणि आत देव मांडले. धूप घातला की धूर धुराड्यातून सरळ वर जाई. अप्पा अंगणात उभे राहून तो बघत. "गिरणीला एक चिमणी, मला एक," म्हणत. न्हाणीघरात पांढरा टब होता. त्यात बसून आंघोळ करायची कल्पनाच अव्वांना, म्हणजे सासूबाईंना, पटेना. सुरुवातीला त्या त्यात वाकळा भिजवत. दुष्काळाच्या सालात नळ कोरडे पडले, तेव्हा आम्ही त्यात पाणी साठवले आणि सातही बंगल्यांतल्या बायका कळशी घेऊन आमच्याकडे आल्या. त्या दिवशी अप्पांनी नवा फेटा बांधला होता. मलाही वाटले, आपले घर म्हणजे काहीतरी आहे. चाळीतल्या नळावर मी सगळ्यांत शेवटी उभी राहायची.

पण दार वाजवायचे वेड मला समजत नव्हते. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात टकटक ऐकून मी धावत जाऊन दार उघडले. अप्पांनी माझ्याकडे पाहिले, दार पुन्हा ओढून घेतले आणि बाहेरून म्हणाले, "तू न्हाय, बाळ. मालकीणबाईंना धाड."

माझे काहीतरी चुकले असे वाटून मी स्वयंपाकघरात येऊन रडले. अव्वा भाकरी टाकून उठल्या. "आलं बघ विलायती याड," असे पुटपुटत, पिठाचे हात पदराला पुसत गेल्या आणि दार उघडले. अप्पा वाकून म्हणाले, "आत येऊ का?"

"नका येऊ म्हणलं तर काय ऱ्हाता व्हय भायेर?"

तरी अप्पा खुशीत आत आले. हे रोजचेच झाले. शेजारच्या तीन नंबरात एक मास्तर राहत. ते कुंपणावरून हसत, "काय अप्पा, स्वतःच्या घरात परवानगी?" अप्पा म्हणत, "बंगल्याचा रिवाज हाय, मास्तर."

एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. साहेबांच्या काळात अव्वा याच चार नंबरात भांडी घासायला, फरशी पुसायला होत्या. पुढचे दार साहेबाचे आणि मडमेचे. कामाच्या बाईने मागच्या वाटेने यायचे आणि मागच्याच वाटेने जायचे. चौदा वर्षे अव्वांनी पुढच्या खोलीची फरशी पुसली, पण त्या दाराचा उंबरा ओलांडला नाही.

आमच्या गृहप्रवेशाला पूजा सांगायला स्वामी आले, भाऊबंद आले. पुढच्या दाराला तोरण बांधले होते. अव्वांच्या कडेवर पाण्याचा कलश दिला. स्वामी म्हणाले, "चला, घरच्या लक्ष्मी." आणि अव्वा कलश घेऊन चालू लागल्या, त्या थेट बंगल्याला वळसा घालून सरळ मागच्या दाराने आत गेल्या. सगळे पोट धरून हसले. मीही हसले. अप्पा तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते दार वाजवू लागले. मला मात्र हे दोन धागे जोडायला दोन वर्षे लागली.

कारण अव्वा दार उघडायला पुढे येत, पण स्वतः बाहेरून येताना पुढच्या दाराने कधी येत नसत. फाटकातून आत शिरून, सगळ्या बंगल्याला फेरी घालून मागून येत. "मागनं जवळ पडतं," म्हणत.

एका चैत्रातल्या दुपारी अव्वा बाजाराला गेल्या होत्या. टकटक झाली. मी दाराशी जाऊन हळूच म्हटले, "अप्पा, अव्वा घरात नाहीत."

"मग मी थांबतो. कडी काढून ठेव आणि तू जा."

मी खिडकीआड उभी राहिले. पायरी तव्यासारखी तापली होती. अप्पा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होते. अर्ध्या तासाने अव्वा पिशवी घेऊन फाटकातून आल्या आणि सवयीने मागे वळल्या. मग थांबल्या.

"उनात काय करताय? किल्ली न्हाय?"

"हाय की."

"मग?"

"दार उघडायला कोण न्हाय."

"सूनबाई हाय की आत. चला, मागनं या."

"मी मागनं येणार न्हाय," अप्पा म्हणाले. घाम गळ्यापर्यंत आला होता. "आणि माझी बायको बी न्हाय."

अव्वांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग पायऱ्यांकडे आल्या. चपला काढल्या, पदर सारखा केला, अप्पांच्या शेजारून वर चढल्या. उंबऱ्यापाशी क्षणभर अडखळल्या. दार ढकलले, आत आल्या आणि अप्पांच्या तोंडावर दार लावून घेतले.

बाहेरून टकटक झाली. तीन वेळा.

अव्वांनी डोळे पुसले, कपाळावरचा घाम पुसला आणि दार उघडले.

"या की," त्या म्हणाल्या. "घर आपलंच हाय."