लाकडे साहेबांचा ड्रॅगन

ड्रॅगन मारायला आम्ही निघालो तेव्हा उन्हाळा होता. लाकडे साहेबांनी आम्हाला नदीपर्यंत आणलं आणि अख्खा पावसाळा एका नावाड्याच्या ओट्यावर बसवून ठेवलं. नावाड्याचं त्याच्या भावाशी भांडण होतं आणि ते मिटल्याशिवाय तो नाव सोडायला तयार नव्हता. तो नावाडी खरा नव्हता, नदी खरी नव्हती, ड्रॅगन तर नव्हताच. आम्ही मात्र दर रविवारी आमच्या सिंदी मेघे गावात, साहेबांच्या बैठकीत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर खरोखरचे घामाघूम होऊन बसलेलो असायचो.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्टीतलं सगळं जग चालवतो, बाकीचे त्यात एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. आमच्यात राठी योद्धा होता, डॉक्टर कुबडे वैदू होते आणि मी, शाळामास्तर, जादूगार. जग लाकडे साहेबांकडे.

साहेब सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा हैदराबादेत. तोच एका दिवाळीला हा खेळ घेऊन आला आणि जाताना इथेच विसरला. साहेबांनी ते जाडजूड पुस्तक शासन निर्णय वाचावा तसं पेन्सिलीने खुणा करत वाचलं. फक्त लढाईचं प्रकरण सोडलं. "हानामारी माह्या कामाची नाई," म्हणाले.

आता लढाईच नाही म्हटल्यावर उरली माणसं. जगातल्या प्रत्येक फालतू माणसाला साहेब जीव ओतून उभा करत. "परत्येकाले एक दुखनं पायजे, एक हौस पायजे, अन् एक गोष्ट अशी, का तो कोनाले सांगत नाई," हा त्यांचा सिद्धांत. नाक्यावरच्या शिपायाला त्यांनी दाढदुखी दिली. स्वतः गालात लवंग धरून बोलू लागले. डॉक्टर कुबडे दातांचे डॉक्टर. राहवलं नाही त्यांना. अर्धी दुपार ते त्या नसलेल्या शिपायाला गरम-थंड लागतं का विचारत होते. शेवटी शिपायाची कळ थांबली आणि त्याने ताठ बसून माझ्या जादूगाराकडे रहिवासी दाखला मागितला. माझा जादूगार बोटातून आग काढू शकत होता, पण रहिवासी दाखला त्याच्याकडे नव्हता. आम्ही परत फिरलो.

पुढे गॉब्लिन लागले. गॉब्लिन म्हणजे बुटकी, हिरवी, दुष्ट जमात. पुस्तकात तरी तसंच आहे. राठी खूश झाला, तलवार उपसून त्यांच्या तळावर चालून गेला. तर तिथे सतरंजी अंथरलेली. गॉब्लिनाच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते आणि त्याने आम्हालाच पाहुणे समजून वर बसवलं, पोहे दिले. साहेबांनी खांद्यावर पंचा टाकून मुलीच्या बापाचा असा काही आवाज काढला, की राठीने तलवार खाली ठेवून, खरे पाहुणे आल्यावर मुलीकडचा होऊन, मुलाचं शेत किती, पाणी आहे का, याची चौकशी सुरू केली. तळ जाळायला गेलेलो आम्ही सोयरीक जुळवून परतलो. लग्नात राठीच्या योद्ध्याला मानाचा शेलाही मिळाला.

खेळातून बाहेर आल्यावर मात्र तो पेटला. राठीचं किराणा दुकान आहे, फुकट गेलेली दुपार त्याला सोसत नाही.

"ओ लाकडे साहेब, माह्या तलवारीले जंग चढून राह्यला! म्या योद्धा काऊन घेतला? पोहे खायले?"

"मारनं तं सोप्पं हाये," साहेब म्हणाले. "आधी मानूस समजून घ्या ना बाप्पा."

"तो मानूस नाई, गॉब्लिन हाये!"

"मंग त्याले तं अजूनच कोनी समजून घेत नाई."

असं बरेच महिने चाललं. शेवटी दसऱ्यानंतर राठीने निर्वाणीचं सांगितलं. पुढच्या रविवारी थेट ड्रॅगन. मधे कोणी न्हावी नको, विहिरीवरची बाई नको. ड्रॅगन मारू आणि खेळ संपवू. त्याला रविवारी दुकान उघडायचं होतं, डॉक्टरांना दवाखाना. माझ्याही मागे शाळेची कामं होतीच. आम्ही दोघांनी मान डोलावली.

"म्हंजे मंग रविवार बंद?" साहेबांनी विचारलं.

"बंदच."

"ठीक हाये," ते म्हणाले आणि चहाचे कप गोळा करू लागले. राठीचा कप अजून अर्धा भरलेला होता, तोही त्यांनी उचलला.

त्या रविवारी साहेबांनी पंचा घेतला नाही, आवाज काढला नाही. आम्ही डोंगर चढून गुहेशी आल्याचं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. राठीने फासा मुठीत घेतला. आतून ड्रॅगन बोलला, तो साहेबांच्या रोजच्या आवाजात.

"या. दगडावरून जपून, तिथं घसरते. पानी घेता?"

"पानी-बिनी काई नाई," राठी म्हणाला. "मी तलवार काढतो."

"काढा ना. माही हरकत नाई. म्हातारा झालो आता, दोन वारांत होऊन जाईन तुमचं काम." साहेब टेबलाकडे बघत बोलत होते. "फकत एक पुसतो. मले मारल्यावर तुमी कुठं जासान?"

"घरी. अजून कुठं?"

"हो, घरीच जासान. इथं कायले येसान मंग?" ड्रॅगन जरा थांबला. "इथं कोनी येत नाई हो. तुमी निंगाले असं आयकलं, तवापासून वाट पाहून राह्यलो. रस्त्यात तुमी थांबत थांबत येत होते, तं मले बरंच वाटे. म्हनलं, येऊ द्या हळूहळू. येऊन तं राह्यले."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. इतके महिने आम्ही ज्याला म्हाताऱ्याचा पाल्हाळ समजून हसत होतो, तो एका माणसाने धरून ठेवलेला रविवार होता.

राठीने मूठ उघडली नाही. फासा तो मुठीतच चोळत राहिला. आमच्याकडे ज्याच्या घरचं पाणी प्यालो त्याच्यावर हात उचलत नाहीत, आणि हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"लाकडे साहेब," तो म्हणाला, "तुमच्या ड्रॅगनले सांगा, योद्ध्याले तहान लागली. पानी पेते म्हना तो."

साहेब उठले आणि खरंच आत पाणी आणायला गेले. स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज आला. चार पेले भरायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ तो नळ वाहत राहिला, आणि आमच्या तिघांपैकी कोणीही त्यांना हाक मारली नाही.