दर्शनी भागातील मासे

कोणत्याही कार्यालयाची विश्वासार्हता त्याच्या दर्शनी भागावरून ठरते, आणि तिथे एखादी हलणारी वस्तू असल्यास ती दुणावते. पाणीपुरवठा कार्यालयात अशी एकही वस्तू नव्हती (कर्मचारी धरून). म्हणून साहेबांनी तक्रार खिडकीशेजारी चार फुटी काचेची पेटी बसवली, तीत कार्यालयाच्याच नळाचं पाणी भरलं आणि निळ्या-लाल पट्ट्यांचे नाजूक टेट्रा मासे सोडले. हेतू उदात्त होता. तक्रारदाराने मासे बघावेत, मासे जगताहेत म्हणजे पाणी चांगलंच असणार हे ओळखावं आणि निमूट घरी जावं.

सोमवारी सोडलेले मासे गुरुवारी पोट वर करून तरंगले. दुसरी तुकडी बुधवारपर्यंत टिकली. तिसरी मंगळवारीच गेली, तीही जेवणाच्या सुट्टीत (त्यामुळे नोंदीला उशीर झाला).

प्रकरण पाणी तपासनिसाकडे आलं. हा गृहस्थ अकरा वर्षं रोज नळाचं पाणी तपासत होता. सगळं कार्यालय त्याला लिटमस म्हणे. पाणी भयंकर जड आहे, साबण घासून हात दुखतील पण फेस यायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वार्षिक अहवालात मात्र तो दरवर्षी 'पाणी मृदू व समाधानकारक' असं लिहीत असे, कारण आधीच्या तपासनिसाने तसं लिहिलं होतं आणि सातत्य हा कार्यालयीन कामाचा प्राण आहे.

घरी बायको दर रविवारी किटलीच्या तळाचा पांढरा थर खरवडून त्याच्या पुढ्यात ठेवायची.

"हे घ्या तुमचं मृदू पाणी. चमचा देऊ?"

यंदा तरी खरं लिहायचं, असं तो दर रविवारी ठरवायचा. अगदी मनापासून ठरवायचा. सोमवारी मुख्य तपासनिसाच्या रिकाम्या खुर्चीकडे लक्ष जाईपर्यंत तो निश्चय टिकायचा. त्या खुर्चीसाठी त्याचंच नाव वर गेलेलं होतं.

लिटमस बाटलीत नमुना घेऊन माशांच्या दुकानात गेला. दुकानदाराने दोन थेंब बोटांत चोळून पाहिले.

"यात टेट्रा सोडले होतेत? कसली शिक्षा म्हणायची ही?" मग त्याने शेंदरी प्लॅटी, काळी मॉली आणि झुपकेदार शेपटीचे गप्पी दाखवले. "हे घेऊन जा. यांना असलंच पाणी मानवतं. मऊ पाण्यात घातलंत तर उलट आजारी पडतील."

लिटमसने मागणीपत्र लिहिलं: 'जड पाण्यास अनुकूल रंगीत मासे, नग चोवीस.' अकरा वर्षांत त्याच्या हातून कागदावर उतरलेलं हे पहिलं खरं वाक्य. त्या संध्याकाळी तो घरी शीळ घालत गेला.

सकाळी साहेबांनी बोलावलं.

"जड पाणी? आपल्याकडे?"

"म्हणजे... माशांच्या दृष्टीने, साहेब."

"माशांच्या दृष्टीने खरेदी होत नसते. लेखी खुलासा द्या. आणि तुमच्या बढतीची फाइल याच टेबलावर आहे, बरं का."

लिटमसने दुपारभर कोऱ्या कागदाकडे पाहिलं. पाणी बदलायचं तर नवी जलवाहिनी हवी. अहवाल बदलायचा तर अकराच्या अकरा बदलायला हवेत. पाच वाजता त्याने मागणीपत्रातला 'जड' तेवढा खोडला. उरलं ते 'पाण्यास अनुकूल रंगीत मासे'. समितीने ते एकमताने मंजूर केलं (पाण्यास प्रतिकूल मासे तुलनेसाठी का मागवले नाहीत, अशी एका सदस्याने हरकत घेतली, ती मागाहून मागे घेण्यात आली).

मासे असे काही रमले की चोविसांचे चार महिन्यांत एकशे साठ झाले. पेटीवर 'याच नळाचे पाणी' अशी पाटी लागली. तक्रारी चौसष्ट टक्क्यांनी घटल्या. उरलेल्या तक्रारी गर्दीमुळे पेटी न दिसलेल्यांच्या होत्या. लिटमस खुर्चीवर बसला.

एक दिवस त्याची बायको खिडकीपाशी रांगेत दिसली. हातात डबी होती. वर्षभराचा थर साठवून ती साहेबांच्या टेबलावर ओतायला आली होती, घरी तसं सांगूनच निघाली होती. लिटमसचा जीव टांगणीला लागला. तिने ती डबी ओतावी असं त्याला फार वाटत होतं, आणि ओतू नये असंही तितकंच वाटत होतं. तिचा नंबर आला. तिने पेटीत पाहिलं, बोटाने काचेवर टकटक केली.

"अगंबाई, पिल्लंपण झालीत की!" म्हणाली, आणि डबी पिशवीत टाकून घरी गेली.

लिटमसने बाराव्या अहवालावर सही केली.

हा वृत्तांत इथवर वाचलेल्या मंडळींकडून, मासे बरे आहेत ना, अशी विचारणा वारंवार होते. मासे उत्तम आहेत. पाण्याबद्दल अद्याप एकही विचारणा आलेली नाही. (नोंदवही तपासली. आपलीही नाही.)