शंकररावांचा राजीनामा

मल्हारगंजातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहाला संगमरवरी पाटी लावायची ठरली, आणि पाटीवर कोरण्यासाठी इतिहास लिहिण्याचं काम आमच्या समितीकडे आलं. अध्यक्ष तेव्हा हृषीकेश होते. त्यांचा स्वभाव सर्वांना माहीत आहेच.

घटना साधी होती. सभागृह शंकरराव अध्यक्ष असताना बांधलं गेलं. दार कुठल्या बाजूला असावं यावरून त्यांची आणि हृषीकेशांची जुंपली आणि प्रकरण पोलीस ठाण्यात गेलं. ठाणेदारांनी दोघांना चहा पाजला आणि राजीनामा झाला. इंदूरच्या ठाण्यात राजीनामा म्हणजे समेट. दोघं एकाच स्कूटरवरून घरी परतले.

पण हृषीकेशांनी ठराव मांडला की मंडळ मराठी आहे, तेव्हा शब्दाचा अर्थही मराठीच घ्यावा. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं. ठराव एकमताने मंजूर झाला.

शंकरराव धावत आले. "अरे भिया, राजीनामा झाला होता. मी दिला कुठे?"

"झाला मतलब कुणीतरी दिलाच असेल ना, काकाजी?" हृषीकेश म्हणाले. "मी तर तेव्हा पदावरच नव्हतो. मग मी काय देणार?"

पद सोडलेला माणूस सभागृह बांधू शकत नाही, हे नियमावलीत स्पष्ट आहे. त्यामुळे सभागृह हृषीकेशांनी बांधल्याचं समितीला मान्य करावं लागलं. भूमिपूजनाच्या फोटोत कुदळ शंकररावांच्या हातात होती, म्हणून खाली ‘कुदळ सांभाळणारे एक हितचिंतक’ असं लिहिलं. त्यांच्या पत्नी जयाबाईंनी मजुरांना रोज सकाळी पोहे करून घातले होते. ते पोहे ‘स्थानिक सहकार्य’ या सदरात गेले.

"मी कुणाचं नाव काटा, खोडा असं म्हणत नाही," शंकरराव शेवटी म्हणाले. "माझं बस खाली लिहा, बारीक अक्षरात. जयाला एकदा दाखवायचं आहे."

आम्हाला गलबलून आलं. जागा नसल्याचं आम्ही त्यांना अत्यंत आदराने कळवलं. पाटी लागली. शंकरराव कितीतरी दिवस समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून ती वाचत असत.

वाचकहो, इथवर तुम्हाला शंकररावांचा कळवळा आला असेल आणि हृषीकेश डोळ्यांत खुपले असतील. तसंच व्हायला हवं. गेल्या महिन्यात शंकरराव निवडून आले. जुनी पाटी उतरली, आणि तुम्ही वाचलात तो इतिहास त्यांनीच मंजूर केलेला आहे. समिती मात्र तीच आहे.

परवा हृषीकेश आले होते. कुदळ, रेती, विटा, सगळं आपणच मानपूरहून ट्रकमध्ये बसून आणलं होतं, तेवढं एका ओळीत घाला, असं म्हणत होते. शंकररावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"भिया, तुम्ही तर राजीनामा दिला होता ना?"

हृषीकेश आता त्याच पायरीवर बसतात. या सगळ्यात त्यांची बाजू काय होती ते आम्ही छापलेलं नाही. इतका वेळ वाचताना तुम्हीही ते विचारलं नाहीत.