बँडमागे धावलेले क्वान्सासाहेब

“वाद्यं सुरू झाली की पाय आपोआप उडतात आणि पोट आपोआप आत जातं,” क्वान्सासाहेबांनी घरात जाहीर करून टाकलं.

लेकीचं, एफुआचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि साहेबांच्या कोटाचं बटण काही केल्या लागत नव्हतं. बायकोने, म्हणजे अराबाने निकाल दिला होता, “कोट ज्याला बसेल, तोच पोरीला चर्चमध्ये घेऊन जाईल. माझा भाऊ सडपातळ आहे.” साहेबांच्या काळजात चर्र झालं. आपण जिवंत असताना लेकीचा हात मामाने धरायचा?

शनिवारी पहाटे घानातल्या केप कोस्टचं व्यायाम मंडळ काळे टी-शर्ट घालून, पुढे ब्रास बँड लावून धावायला निघालं, आणि पोट कमी करायला साहेबही त्यात सामील झाले. समुद्रावरून धुकं येत होतं. ट्रम्पेट वाजू लागला आणि साहेबांचे डोळे आपसूक मिटत आले. गुडघे कुरकुरेनात. मिटल्या डोळ्यांपुढे धुक्यातून पांढऱ्या पोशाखात एफुआ चालत होती, शेजारी ते स्वतः, अंगावर चापून बसलेला कोट. चौकात दुसरा बँड आडवा गेला. त्याचा ताल संथ होता, सूर जास्त गोड. साहेबांचे पाय त्याच्यामागे वळले आणि साहेबांना त्याचा पत्ताही नव्हता.

सूर थांबले तेव्हा ते एका मांडवात उभे होते. समोर शवपेटी, भोवती काळ्या-लाल कपड्यांतली माणसं. साहेबांच्या चेहऱ्यावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

“किती रडलाय बिचारा,” एक म्हातारी म्हणाली. “बाबा, तू आमच्या एबोचा कोण रे?”

साहेबांना इतका दम लागला होता, की तोंडातून शब्द फुटेना.

“राहू दे, बोलू नकोस. याला पुढे बसवा गं. पोटात काही नसेल त्याच्या.”

मयताच्या घरचं अन्न नाकारणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान. साहेबांनी टोमॅटोच्या रश्यात शिजवलेला जोलोफ भात खाल्ला, बकऱ्याचा रस्सा प्यायला. मग बँड वाजला, एबोला निरोप द्यायला सगळे नाचले, साहेबही नाचले. नाचून पुन्हा भूक लागली.

संध्याकाळी अराबा दारातच उभी होती. “मंडळ सकाळीच परत आलं. तुम्ही दिवसभर धावत होता?”

“सुरुवातीला,” साहेब म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. मग श्वास रोखून कोट चढवला. बटण तुटून कपाटाखाली गेलं. ते मान खाली घालून पुटपुटले, “मामाला निरोप पाठव.”

एफुआने त्यांचा हात धरला. “मामा कशाला? पपा, कोट उघडाच ठेवा, मला तुम्हीच हवे आहात. फक्त चर्चबाहेर बँड नको, नाहीतर तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी नवरीबरोबर आत जाल.”