घरतांचं पक्कं कुलूप

"पप्पा, बॅगेची किल्ली कुठेय?"

व्हिडिओ कॉलवर जागृतीने ना 'पोचले' म्हटलं, ना 'जेवलात का'. जासईच्या घरात चहा पीत बसलेल्या देवजी घरतांचा हात आपोआप कमरेकडे गेला. किल्ली तिथेच होती, करदोट्याला, बाकीच्या जुडग्यात.

आता याला चूक म्हणा, पण माणसाच्या हाताला वळण पडतं त्याला तो तरी काय करणार? देवजींच्या जमिनीवर कंटेनर यार्ड होतं. रोज संध्याकाळी फाटक स्वतः बंद करायचं, कुलूप दोनदा ओढून बघायचं आणि किल्ली कमरेला अडकवायची. लेकीच्या बॅगेची चेनही त्यांनी कुलूप घालून तशीच बंद केली. लेक इंग्लंडला गेली, किल्ली जासईत राहिली.

तिथल्या आठशे वर्षं जुन्या विद्यापीठात जागृती उन्हाळी अभ्यासक्रमाला गेली होती. आज दुपारी स्वागताचं जेवण होतं. काळा पोशाख सक्तीचा. ज्या प्राध्यापिकांनी तिला निवडलं, त्याच तिची सगळ्यांशी ओळख करून देणार होत्या. काळा पोशाख बॅगेत होता आणि अंगातल्या टी-शर्टवर विमानातला टोमॅटोचा रस सांडलेला.

"अर्धा तास उरलाय पप्पा. काहीतरी सांगा."

"कोनाकडून हातोडी माग."

"मागितली. कुलूप आहे तसंच आहे, माझा अंगठा सुजलाय."

खोटं कशाला सांगा, देवजींना बरं वाटलं. "नायच तुटनार. यार्डाचा कुलूप हाय तो."

"तुम्ही खूश काय होताय?"

"बरा, करवत?"

"रविवार आहे. हत्यारांची खोली उद्या उघडणार."

"मंग नवीन ड्रेस घे."

"दुकान शोधून येईपर्यंत जेवण संपेल."

"मंग बाईंना सांग ना, बॅग उघडत नाय म्हनून."

"आठशे वर्षांत असं कारण कुणी दिलं नसेल." जागृतीने डोळे पुसले. "पहिल्याच दिवशी गेले नाही, तर त्या म्हणतील, कुठून उचलून आणली ही."

विमानतळावर न रडलेली पोर आता रडत होती. यशोदाबाई इतका वेळ कोपऱ्यात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा माळ्याकडे, आणि मग सुस्कारा सोडून फोन हातात घेतला.

"पेन हाय का गो?"

"पेन?"

"चेनीच्या मदी टोक खुपस. जोर लाव, फाकंल. काम झाला का चेनीची खिट्टी कुलुपासकट फिरव, चेन परत बसंल. कुलपाला हात लावाचाच नाय."

पलीकडे जरा वेळ खुडबुड झाली, मग चेन टरकन फाकली. बॅग उघडली.

"आई, तुला हे कुणी शिकवलं?"

"जा, केस विंचर," म्हणत यशोदाबाईंनी घाईघाईने कॉल बंद केला.

देवजी माळ्याकडे बघत होते. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून तिथे त्यांची एक बॅग असायची, असंच कुलूप लावलेली. तिच्यात काजूकतली असायची, आणि दर वेळी ठेवली त्यापेक्षा कमीच निघायची.

"मंजे," ते हळूच म्हणाले, "माजी कतली उंदीर नवता खात?"

यशोदाबाईंनी पुढची शेंग उचलली.

"उंदरानं सगली खाल्ली असती. मी निम्मी ठेवते."