अकरा तुकड्यांचा मुराळी

आमच्या खरात सरांच्या खिशात रुमाल नसतो. लोकरीचे अकरा धागे असतात, अकरा रंगांचे आणि कायम गुंतलेले. समोर माणूस दिसला की तो गुंता ते त्याच्या हातावर ठेवतात आणि म्हणतात, "सोडवा बरं!" जालन्यात स्टेशनासमोर चहा पिणाऱ्या किती जणांची गाडी यापायी चुकली असेल, देव जाणे.

सर आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात, म्हणजे एकच धडा शिकवतात: लहान लेकरांना जुलाब लावणारा रोटा विषाणू. त्याची जनुकं अकरा तुकड्यांत असतात. पेशीत शिरल्यावर तुकड्यांच्या ढीगभर नकला निघतात, पण नव्या विषाणूच्या डबीत प्रत्येकाची एकेकच जावी लागते. एक राहिली की डबी फुकट. ही जमवाजमव विषाणूचंच एक प्रथिन करतं. स्वतःतच गुंतलेला तुकडा ते उकलतं, मग तो दुसऱ्याशी जुळतो. जग या प्रथिनाला काहीही म्हणो, सर त्याला 'मुराळी' म्हणतात. सणाला बहिणीला सासरहून आणायला जातो, तो मुराळी. पोरांनी विद्यापीठाच्या पेपरात तेच लिहिलं आणि त्या प्रश्नाला सगळ्यांना भोपळा मिळाला. सरांना काडीची लाज वाटली नाही.

"तपासणाऱ्याला बहीण न्हाई वाटतं," म्हणाले.

मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, मला असला पोरकटपणा सहन होत नाही. "सर, तुम्ही विषाणूची सोयरीक जमवून राह्यलात आन् लेकरं हागून राह्यलीत," असं एकदा तोंडावर बोललो.

"बराबर! जमतं कसं ते कळलं, की मंग मोडता येतं," सर खुशीत म्हणाले. या माणसाचा धड अपमानही करता येत नाही.

मग त्यांच्या थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न कुंभार पिंपळगावला ठरलं. आईला शेवटी कुणी सांभाळलं नि कुणी नाही, यावरून ही भावंडं एकमेकांचं तोंड पाहत नव्हती. नवरीने हट्ट धरला, सगळे काका आणि आत्या आल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही. झालं! सर सगळ्या रजा संपवून दारोदार फिरले. त्यांचे तास माझ्या गळ्यात, आणि वर आत्याच्या गावाला मोटारसायकलही माझीच.

त्या आत्याच्या, म्हणजे सरांच्या बहिणीच्या ओट्यावर सर विषाणूबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. आक्का आईबद्दल बोलली, भावांना शिव्या घातल्या, रडली. सर नुसते ऐकत बसले. उठताना म्हणाले, "आक्का, थोरला रोज तुझं नाव काढून राह्यला."

"साफ खोटं बोललात," मी गाडीवर म्हणालो.

"तिला बी माहिताय ते."

लग्नाला सगळे आले. स्टेजवर फोटोसाठी भावंडं खांद्याला खांदा लावून उभी राहिली, हसली, रडली. सर कुठे दिसेनात. पाण्याच्या टँकरपाशी सापडले, नव्या शर्टात, एकटे.

"आत चला की," मी म्हणालो.

"मला आवतन न्हाई."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"अक्षत घेऊन कुणी आलंच न्हाई. ज्याला त्याला वाटलं, हा तर घरचाच, फिरूनच राह्यला. बिनबोलावता कसं जावं?"

त्यांचं ते प्रथिनही सगळ्यांना गोळा करतं आणि डबीत स्वतः जात नाही, बाहेरच राहतं. पण प्रथिनाला भूक लागत नसते. हा माणूस सकाळपासून उपाशी होता. त्या साऱ्या हसऱ्या गोतावळ्याचा मला भयंकर संताप आला. मी तडक स्टेजवर चढलो, फोटोतून आक्काला बाहेर काढलं आणि टँकरपाशी आणून उभं केलं.

तिने सरांकडे पाहिलं, पदराने त्यांचं तोंड पुसलं. "मारुत्या, जेवला का रे तू?"

सरांनी नाही अशी मान हलवली आणि ते तिच्यामागे पंगतीकडे निघाले.